एकशे शहाऐंशीपैकी एकशे शहाऐंशी

नगरपालिकेच्या वेबसाइटवर एक पान आहे, ते जगात बहुधा मी एकट्यानेच उघडून पाहिलं असेल. 'अधिकाऱ्यांची सभांतील उपस्थिती' असं त्याचं नाव. त्यात माझ्या बायकोच्या नावापुढे लिहिलंय: अपेक्षित उपस्थिती १८६, प्रत्यक्ष उपस्थिती १८६. खाली त्या सभांमध्ये तिच्या सहीने कायम झालेल्या निर्णयांची यादी. आठ वर्षांत एकही सभा चुकलेली नाही. माझ्या आईला हॉस्पिटलात ठेवलं त्या दिवशीही ही बाई बाजार उपसमितीच्या सभेला जाऊन, सही करून, मग वॉर्डात आली. आई तिला म्हणाली होती, "मंजू, मी जाणार त्या दिवशी तरी सभा नाही ना, बघून ठेव."

नगरपालिकेचं नाव सांगत नाही. कलकत्त्याजवळ डमडमच्या आसपास नगरपालिका एकमेकींना चिकटून आहेत, एकीची गटारं दुसरीत वाहतात, त्यातलीच कुठलीतरी एक समजा. मंजुषा तिथे एकोणतीस वर्षं आहे. कारकून म्हणून लागली, अधिकारी झाली. जन्म इथलाच. तिचे वडील केंद्र सरकारच्या नोकरीत बदलून कलकत्त्याला आले आणि इथेच राहिले. मी मात्र नाशिकचा. बँकेने तीन वर्षांसाठी पाठवलं होतं, त्याला आता एकतीस वर्षं होतील. लग्नात मुलगी मिळाली आणि मुलीबरोबर शहर मिळालं. हुंडा घ्यायचा नाही म्हटलं तरी हे गळ्यात पडलंच.

ती बांगला अशी बोलते, की मासळीबाजारातल्या बायका तिला भाव सांगताना लाजतात. माझं बांगला अजून दुकानदाराला हसू आणतं. पण वाचायला मी हट्टाने शिकलो, आधी बसच्या पाट्या, मग वर्तमानपत्र. लग्नानंतर महिन्याभरात घरात एक रीत पडली. सकाळी मी पेपर उघडायचा आणि मंजूने स्वयंपाकघरातून ओरडायचं, "मोठ्याने वाचा हो, माझे हात पिठात आहेत." विजेच्या खात्याची नोटीस आली, सोसायटीचं पत्र आलं, तरी तेच. तिचे हात सदा पिठात. मुलीचा, आभाचा, बांगलाचा गृहपाठही माझ्याच गळ्यात; "बाबांकडून करून घे" हे वाक्य त्या पोरीने लहानपणी हजार वेळा ऐकलं असेल. मला वाटायचं, बाई अधिकारी आहे, हुकूम सोडायची सवय आहे. शिवाय कुणीतरी आपलं ऐकतंय याचं सुखही होतंच, खोटं कशाला बोला.

आता वह्यांबद्दल सांगायला हवं. तिच्या वडिलांनी तिला नोकरीच्या पहिल्या दिवशी सांगितलं होतं, की कचेरीचं टिपण कचेरीचं, आपलं टिपण आपल्या भाषेत वेगळं ठेव. तेव्हापासून प्रत्येक सभेत ती एका दोनशे पानी वहीत मराठीत लिहिते. तारीख, कोण आलं, कोण काय म्हणालं, काय ठरलं. अशा अकरा वह्या. त्यात माणसांची नावं नसतात, तिने ठेवलेली नावं असतात. एक नगरसेवक 'कोमट चहा', दुसरे 'मागच्या बाकावरचे', आणि गेली दहा वर्षं चेअरमन असलेले गृहस्थ 'गोडबोले', कारण त्यांच्या तोंडून कधी वाकडा शब्द आलेला कुणी ऐकला नाही. मी त्या वह्या कधीमधी चाळायचो आणि पोट धरून हसायचो.

सभेचं खरं इतिवृत्त मात्र बडोबाबू लिहीत, म्हणजे तिथले हेडक्लार्क. जाड बांधणीच्या वहीत, बांगलात, शाईच्या पेनाने, अगदी लफ्फेदार. पुढच्या सभेत ती वही टेबलावरून फिरायची, हजर अधिकाऱ्याने 'वाचले, बरोबर आहे' अशी सही करायची, की इतिवृत्त कायम. आमच्या मंजूच्या अशा एकशे शहाऐंशी सह्या.

दुर्गापूजेला पंधरा दिवस असताना नगरपालिकेच्या बाजारातल्या जुन्या शेडचा स्लॅब पडला. सकाळी साडेआठची वेळ. खाली पुष्पा मंडल नावाची पालेभाजीवाली बसली होती. रोज पहाटेच्या गाडीने गावाहून सियालदहला उतरायची, तिथे गाडी बदलून, डोक्यावर पाट्या घेऊन आमच्याकडे यायची. मीही तिच्याकडून लाल माठ घेत असे. ती जागच्या जागी गेली.

दोन दिवसांत चौकशी बसली आणि चौथ्या दिवशी तन्मय निलंबित झाला. तन्मय म्हणजे नगरपालिकेचा कनिष्ठ अभियंता, पस्तिशीचा, अबोल, हातात सदा एक मोजपट्टी. इतिवृत्ताच्या वहीत सोळा ऑगस्टच्या सभेखाली लिहिलं होतं, की अभियंत्याने पाहणी करून शेड ठीक असल्याचे सांगितले, सबब पूजेचा बाजार तिथेच भरवावा. पोलिसांत गुन्हा नोंदवायचा तो त्याच्यावर, असं उघड बोललं जात होतं.

तो आमच्याकडे आला तेव्हा दुपारचे चार वाजले होते. बायकोला खाली रिक्षात बसवून एकटाच वर आला. बूट दाराबाहेर काढले, आत येऊन उभाच राहिला.

"मंजुषादी," तो म्हणाला, "मी त्या सभेत काय म्हणालो होतो ते तुम्ही ऐकलंत. मी हाताने लिहून दोन पानं दिली होती. ती पानं आता कुठेच नाहीत. बाकीचे म्हणतात, आठवत नाही. आता तुम्ही तेवढ्या राहिलात."

मंजूने त्याला चहा दिला. बिस्किटं दिली. ती म्हणाली, "बघते मी, तन्मय." एवढंच. तो अर्धा चहा ठेवून गेला. मी गॅलरीतून पाहिलं, तर त्याची बायको रिक्षातून मान वर करून आमच्या मजल्याकडेच बघत होती.

"तो खरं बोलतोय का?" मी विचारलं.

मंजू उठली, तांदळाच्या डब्याच्या मागे हात घालून तिने अकरावी वही काढली आणि सोळा ऑगस्टचं पान माझ्यापुढे धरलं. पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर तिने तळहात दाबून ठेवला होता. मला वाटलं, हात थरथरतोय म्हणून टेकवलाय. वर लिहिलं होतं: 'तन्मय म्हणाला, शेडचा स्लॅब तीन ठिकाणी फुटलाय, दुकानं या आठवड्यात हलवा. दोन पानी अहवाल आणला. गोडबोले म्हणाले, पूजेच्या तोंडावर दुकानं हलवायची म्हणजे कठीण.'

म्हणजे पोरगा खरा होता, आणि तसं सांगणारा कागद या कलकत्ता शहरात एकच होता आणि तो आमच्या तांदळाच्या डब्यामागे होता.

इथे मी शूरपणाच्या चार गोष्टी सांगितल्या असत्या, पण तसं झालं नाही. माझी पाचावर धारण बसली. मंजूच्या निवृत्तीला चार महिने होते. पेन्शन, ग्रॅच्युइटी, सगळं त्या चेअरमनच्या सहीवर. आणि चेअरमनच्या मागे कोण कोण आहे, ते आमच्या पाड्यात, म्हणजे वस्तीत, लहान मुलालाही ठाऊक. मी म्हणालो, "मंजू, ही वही गॅसवर धर. सुंठीवाचून खोकला जाईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे. मला वाटतं, तिच्याही मनात तेच होतं.

पूजेचे दिवस आम्ही घरातच काढले. समोरच्या मंडपात ढाक वाजत होता आणि आम्ही दारं लावून बसलो होतो. कोपऱ्यावरच्या चहाच्या टपरीवर एक निळ्या शर्टाचा माणूस रोज दिसायला लागला. तो चहाच प्यायला येत असेल. चहाच्या टपरीवर माणूस दुसरं काय करणार! पण भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतात तसं झालं होतं. बेल वाजली की आम्ही दोघं एकमेकांकडे बघायचो आणि दार कुणी उघडायचं यावर कुजबुज व्हायची. मंजूने फोन उचलणं सोडलं. तिचं वजन उतरलं. कणीक मळता मळता हात थांबायचे आणि ती नळाकडे बघत उभी राहायची.

आभाचा बंगळुरूहून फोन आला. तिचं मराठी आम्ही वाढवलं तसंच आहे, निम्मं उसनं. "आई, तू ते बुक देऊन टाक ना. काय होणार आहे? तू राँग काहीच केलं नाहीस."

त्यावर मंजूने फोन माझ्या हातात दिला आणि मोरीत जाऊन नळ सोडला. पाणी बराच वेळ वाहत होतं.

विजयादशमीनंतर इथे एकमेकांच्या घरी जाऊन मिठाई द्यायची रीत आहे. वडीलधाऱ्यांच्या पाया पडायचं, तोंड गोड करायचं. त्या निमित्ताने चेअरमन आमच्या घरी आले, दहा वर्षांत पहिल्यांदा. पांढरं शुभ्र धोतर, हातात संदेशची मोठी पेटी. मला वाकून नमस्कार केला. मी वयाने मोठा म्हणून. माझ्या पायांना त्यांची बोटं लागली तेव्हा मला हुडहुडी भरली, हे आजही आठवतं.

त्यांनी सगळ्यांची चौकशी केली. आभाची नोकरी कुठे, घर कुठल्या भागात, ती रात्री घरी कशी येते, एकटीच राहते का. मग चहाचा कप खाली ठेवून मंजूला म्हणाले, "दीदी, त्या दिवशी सभेत काय झालं ते मलाही आठवत नाही, तुम्हालाही आठवत नाही. त्यात दोघांचंही भलं आहे. वहीत तुमची सही आहेच. वाचून केलेली सही." आणि हसले. "आमच्या दीदींसारखं काळजीपूर्वक वाचणारं आहे कोण?"

मंजूचा चेहरा पांढरा पडला. 'दोघांचंही' हे ते का म्हणाले, ते माझ्या ध्यानात आलं नाही. मी आभाच्या घराचा विचार करत होतो.

ते गेल्यावर मी पेटी उचलून कचऱ्यात टाकली, मग परत काढली, मग शेजाऱ्यांना देऊन आलो. भीतीने माणूस असे माकडचाळे करतो. परत आलो तर मंजू जेवणाच्या टेबलाशी बसली होती, पुढे वही.

"एक विचारू?" मी म्हणालो. "त्या इतिवृत्तात तन्मयच्या तोंडी उलटंच लिहिलंय. तू सही करताना वाचलं कसं नाहीस?"

मग तिने टेबलावरचा सकाळचा पेपर ओढला, मथळ्यावर बोट ठेवलं आणि पहिलीतल्या मुलासारखं एकेक अक्षर लावून तीन शब्द वाचले. मग पेपर बाजूला सारला.

"छापलेलं एवढं येतं," ती म्हणाली. "हाताने लिहिलेलं नाही येत. कधीच नाही आलं."

मला आधी कळलंच नाही ती काय म्हणतेय ते. ती सांगत गेली. शाळा केंद्र सरकारची, तिथे हिंदी, इंग्रजी, संस्कृत. घरी मराठी. बांगला सगळं अंगणातून, बसमधून, मैत्रिणींच्या तोंडून आलेलं. अक्षर कुणी शिकवलं नाही आणि तिने कुणाला विचारलं नाही. नोकरीत बांगलाची परीक्षा होती, तेव्हा तिने दुर्गापूजेवरचा एक निबंध चित्रासारखा पाठ करून उतरवला आणि तोंडी परीक्षेत परीक्षकाला हसवून हसवून पैकीच्या पैकी मार्क मिळवले. मग एक दिवस गेला, एक वर्ष गेलं. इथेच जन्मलेली, इतकं सुरेख बोलणारी बाई, 'मला वाचता येत नाही' हे कुठल्या तोंडाने सांगणार? कचेरीतली पत्रं ती सगळ्यांसमोर मोठ्याने वाचून घ्यायची. लोक म्हणायचे, मंजुषादींचा कारभार कसा उघडा! झाकली मूठ सव्वा लाखाची, ती एकोणतीस वर्षं झाकलेली होती.

"आणि घरी?" मी विचारलं.

"घरी तुम्ही होता ना," ती म्हणाली.

मी खुर्चीत बसलो. मला राग आला, खरंच आला. लग्न झाल्यापासून रोज सकाळी मी या बाईसमोर पेपर वाचलाय, आणि मला वाटायचं हिला माझा आवाज आवडतो. मग राग गेला आणि त्याजागी काय आलं ते मला नीट सांगता येणार नाही. आपलं माणूस शेजारी झोपतं, आणि रोज कसली भीती उशाला घेऊन झोपतं ते आपल्याला कळत नाही, याची लाज वाटली.

"आता वही दिली," ती म्हणाली, "तर पहिला प्रश्न हाच येणार, सही कशी केलीत? आणि मग एकशे शहाऐंशी सह्यांचा हिशेब."

"मग नको देऊस," मी म्हणालो. मी पुन्हा तेच म्हणालो, हे लपवत नाही.

पण आठ दिवसांनी चौकशीची तारीख आली, तेव्हा सकाळी तिने कांजिवरम नेसली, वही पिशवीत घातली आणि मला म्हणाली, "चला."

चौकशी सॉल्ट लेकमधल्या एका सरकारी इमारतीत होती, चौथ्या मजल्यावर. मला आत जाता येत नव्हतं. बाहेर लाकडी बाकावर बसलो. शेजारी तन्मयची बायको होती, रिक्षातून वर बघणारी तीच. दार जुन्या पद्धतीचं, अर्धंच, वरून आणि खालून उघडं. आतलं सगळं ऐकू येत होतं.

चौकशी अधिकारी ऋचा नावाच्या एक बाई होत्या, आवाज हळू, पण एकही शब्द वाया न घालवणाऱ्या. त्यांनी मंजूला इतिवृत्ताची वही दिली असावी. "ही सही तुमची?"

"हो."

"तिसरा विषय मोठ्याने वाचा."

मी बाकाची कड घट्ट धरली. वरचा पंखा तेवढा कुरकुरत होता. मग मंजूचं ते सुरेख, लखलखीत बांगला ऐकू आलं, "मला हाताने लिहिलेलं बांगला वाचता येत नाही."

कुणीतरी हसलं. चेअरमनचा आवाज आला, "दीदी थट्टा करतायत. पण तब्येत बरी नसेल तर..."

"एकाही सभेचं इतिवृत्त मी वाचून सही केलेली नाही," मंजू म्हणाली. "एकशे शहाऐंशी. मी फक्त ऐकलंय. ऐकलेलं इथे लिहिलंय."

पिशवीची चेन उघडल्याचा आवाज आला. मग पानं उलटल्याचा. ऋचाबाई म्हणाल्या, लिपी हिंदीची आहे, पण हे अक्षर आणि ही भाषा मला लागत नाही. अधिकृत भाषांतर नंतर होईलच, आता निदान अर्थ कळायला हवा. हे कोण वाचू शकेल?

"माझे मिस्टर बाहेर बसलेत," मंजू म्हणाली.

मला आत बोलावलं. टेबलाच्या एका बाजूला चेअरमन आणि बडोबाबू, दुसऱ्या बाजूला तन्मय, मोजपट्टी नसलेले हात मांडीवर. मंजू उभी होती. मी चष्मा लावला आणि वही हातात घेतली. मराठीत एक वाक्य वाचायचं, मग मोडक्यातोडक्या बांगलात सांगायचं. वरचा अर्धा भाग मला ठाऊक होता. स्लॅब तीन ठिकाणी फुटलाय. दुकानं या आठवड्यात हलवा. तन्मयने मान खाली घातली आणि त्याचे खांदे हलायला लागले. बडोबाबूंनी घाम पुसला.

मग मी पानाच्या खालच्या अर्ध्या भागावर आलो, जो तिने माझ्यापासून तळहाताने झाकला होता. तिथे लिहिलं होतं: 'गोडबोले म्हणाले, दीदी, तुम्ही वाचून सांगा किती घाईचं आहे. तुम्ही म्हणाल तसं करू. अहवाल माझ्यापुढे ठेवला. हाताने लिहिलेला. सगळे माझ्याकडे बघत होते. मी म्हणाले, सविस्तर आहे, पुढच्या सभेत घेऊ. सगळे हो म्हणाले.'

मी मनात वाचलं आणि थांबलो. आणि त्याच्याही खाली, सप्टेंबरच्या सभेच्या तारखेला, चार छोटी वाक्यं होती.

चेअरमन माझ्याकडे बघत होते. आता मला कळलं 'दोघांचंही भलं' म्हणजे काय ते. 'पुढच्या सभेत घेऊ' हे मंजूच म्हणाली होती, ते त्यांना ठाऊक होतं. तन्मयलाही ठाऊक होतं. आमच्या घरी चहा घेताना त्याने त्यातला एक शब्द काढला नव्हता. त्याला हवं ते वाचून झालं होतं. मी वही तिथेच मिटली असती, तर तन्मय सुटत होता आणि माझी बायकोही निम्मी सुटत होती. अधिकृत भाषांतर होईल तेव्हा होईल, सरकारी कागद काय, हरवतातही. तन्मयची दोन पानं हरवली तशी. पुढे जानेवारीत तन्मय कामावर रुजू झाला आणि मंजूच्या पेन्शनची फाइल अजून त्याच इमारतीत कुठेतरी पडून आहे, पण ते नंतरचं. त्या वेळी खोलीत मराठी येणारी माणसं दोनच होती, आणि मी त्यातला एक होतो.

"झालं?" ऋचाबाईंनी विचारलं.

माझ्या तोंडून 'हो' निघतच होतं. ओठ हललेही असतील.

"खालचं राहिलंय," मंजू म्हणाली. मराठीत, फक्त मला. तिचे हात साडीच्या पदरात गुंडाळलेले होते. "मोठ्याने वाचा हो."

मी वाचलं. अहवाल, हाताने लिहिलेला, सगळे बघत होते, पुढच्या सभेत घेऊ. प्रत्येक वाक्य बांगलात सांगितलं. कुणी हसलं नाही. मग तारीख वाचली, तेरा सप्टेंबर. मी पाणी मागितलं, प्यायलो आणि शेवटची ओळ वाचली.

'तन्मय रजेवर. विषय निघाला नाही. मीही काढला नाही. सुटले.'